एका वस्तूच्या दोन किमती

बाजारात आपण वस्तू घेतो. दुकानदार किंमत सांगतो. आपण घासाघीस करतो, चार रुपये कमी करून घेतो, पैसे मोजतो आणि वस्तू घरी आणतो. आपल्याला वाटते, व्यवहार संपला.

खुरपे घेतले, घागर घेतली, घोंगडी घेतली, तर व्यवहार खरेच संपतो. घागर पुन्हा पैसे मागत नाही. पण विजेवर चालणाऱ्या वस्तूचे तसे नाही. दिवा असो, पंखा असो, फ्रीज असो, तिला दोन किमती असतात. पहिली किंमत दुकानात द्यायची. ती एकदाच. दुसरी किंमत विजेच्या बिलातून द्यायची. ती दर महिन्याला. वस्तू जितकी वर्षे चालेल तितकी वर्षे.

आपण शेतकरी माणसे. बैल घ्यायला गेलो तर नुसती किंमत विचारून परत येतो का? नाही. बैल काम किती ओढील आणि वैरण किती खाईल, हेही पाहतो. थोड्या वैरणीत जास्त काम करील तो बैल चांगला. मग दिवा आणि पंखा घेतानाच आपण वैरण का बरे विचारत नाही?

कारण वैरण डोळ्यांना दिसते, वीज दिसत नाही. पण तिचा आकडा मात्र खोक्यावर छापलेला असतो. बिलावरही असतो. आता आपल्याला वाचता येते. तेव्हा तो आकडा वाचायचा कसा आणि त्यातून पैसा वाचवायचा कसा, ते या पाठात पाहू.

वॅट आणि युनिट

विजेच्या प्रत्येक वस्तूवर एक आकडा असतो. त्याच्यापुढे इंग्रजी ‘डब्ल्यू’ हे अक्षर असते. दोन दऱ्या शेजारी शेजारी असाव्यात तसे ते दिसते. हा आकडा म्हणजे वॅट. वॅट म्हणजे त्या वस्तूची भूक. ६० वॅटच्या दिव्याची भूक मोठी, ९ वॅटच्या दिव्याची भूक लहान.

पण नुसत्या भुकेवर हिशेब होत नाही. वस्तू किती वेळ चालली, तेही पाहावे लागते. १,००० वॅटची वस्तू १ तास चालली की १ युनिट वीज खर्च होते. १०० वॅटची वस्तू १० तास चालली तरी १ युनिटच. १० वॅटची वस्तू तेवढीच वीज खायला १०० तास घेते.

हिशेबाची रीत सोपी आहे. वॅटला रोजच्या तासांनी गुणा. आलेल्या आकड्याला ३० दिवसांनी गुणा. मग १,००० ने भागा. महिन्याचे युनिट मिळाले.

बिलात आपल्याला पैसे लागतात ते या युनिटांचे. या पाठात सोपे जावे म्हणून आपण एका युनिटला ८ रुपये धरू. तुमच्या बिलात दर वेगळा असेल. तो पाहा आणि ८ च्या जागी तो आकडा घाला.

बिल कसे वाचावे

बिल आले की पुष्कळ घरांत फक्त दोन गोष्टी पाहतात. किती भरायचे आणि कधीपर्यंत भरायचे. मधले सगळे तसेच राहते. ते आता वाचू या.

बिलावर ‘मागील रीडिंग’ आणि ‘चालू रीडिंग’ असे दोन आकडे असतात. समजा, मागील ४,३१२ आणि चालू ४,४३७. चालूमधून मागील वजा करा. उरले १२५. म्हणजे या महिन्यात आपण १२५ युनिट वापरले. आता मीटरपाशी जा. मीटरवरचे आकडे आळीपाळीने बदलतात. ज्या आकड्याशेजारी ‘केडब्ल्यूएच’ ही इंग्रजी अक्षरे येतात, तो युनिटांचा आकडा. तो बिलातल्या चालू रीडिंगच्या थोडा पुढे गेलेला असावा. मागे असेल, किंवा फारच पुढे असेल, तर बिल घेऊन वीज कचेरीत जावे आणि विचारावे. विचारण्यात लाज कसली? पैसे आपले आहेत.

बिलात ‘स्थिर आकार’ असतो. तो वीज वापरली नाही तरी भरावा लागतो. बाकीचे बरेचसे आकार युनिटांवर चढत जातात. म्हणून युनिट कमी झाले की तेही कमी होतात.

आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची. महाराष्ट्रात महावितरणच्या घरगुती बिलात दराचे टप्पे असतात. पहिल्या १०० युनिटांना दर कमी. १०१ ते ३०० पर्यंतच्या युनिटांना दर जास्त. त्याच्या वर आणखी जास्त. १२५ युनिट झाले, तर १०० युनिट कमी दराने आणि वरचे २५ युनिट चढ्या दराने लागतात. आता विचार करा. आपण जे युनिट वाचवतो ते कोणते? सगळ्यांत वरचे, म्हणजे महागातले. म्हणून थोडे युनिट वाचले तरी पैसा बरा वाचतो.

दिवा की शेगडी?

जुना बल्ब तुम्हांला ठाऊक आहे. काचेच्या आत बारीक तार असते. वीज तारेतून जाते, तार तापून पांढरी होते आणि तिचा उजेड पडतो. पण तार तापवण्यातच बहुतेक वीज जाते. शंभर भाग वीज दिली तर दहा भागांचाही उजेड होत नाही. बाकीची सगळी उष्णता.

खोटे वाटते? कोंबडीपालन करणाऱ्याकडे जाऊन पाहा. लहान पिलांना ऊब मिळावी म्हणून तो त्यांच्यावर बल्ब टांगतो. म्हणजे पिलांपुरती ती शेगडीच झाली. पिलांना ती हवी असते. पण आपल्या ओसरीवर, वैशाखाच्या रात्री, ती शेगडी कशाला?

एलईडी दिव्यात तापणारी तार नसते. त्यात तांदळाच्या कणीएवढे लहान लहान तुकडे असतात. त्यांतून वीज गेली की ते स्वतःच प्रकाश देतात. थोडी उष्णता तिथेही होते, पण फार कमी. लाल आणि हिरवे असे दिवे पूर्वीपासून होते. पांढऱ्या उजेडासाठी निळा दिवा लागत होता आणि तो काही केल्या जमत नव्हता. आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांनी तो जमवला. त्याबद्दल त्यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता हिशेब करू. ६० वॅटचा जुना बल्ब रोज ५ तास लावला. ६० गुणिले ५ म्हणजे ३००. गुणिले ३० म्हणजे ९,०००. भागिले १,००० म्हणजे ९ युनिट. ८ रुपयांनी ७२ रुपये झाले.

९ वॅटचा एलईडी तेवढाच, किंबहुना थोडा जास्तच उजेड देतो. ९ गुणिले ५ म्हणजे ४५. गुणिले ३० म्हणजे १,३५०. म्हणजे सव्वा युनिटाहून थोडे जास्त. पैसे झाले १० रुपये ८० पैसे.

उजेड तोच. एकीकडे ७२ रुपये, दुसरीकडे ११ रुपयेसुद्धा नाहीत. दर महिन्याला एका दिव्यामागे ६१ रुपये वाचतात. एलईडी समजा १०० रुपयांना मिळाला, तर दोन महिन्यांच्या आत त्याची किंमत निघते. शिवाय जुना बल्ब सुमारे १,००० तास चालतो. चांगला एलईडी त्याच्या कित्येक पट चालतो.

एखादी मावशी म्हणेल, “अहो, तो जुना बल्ब वीस रुपयांना मिळतो की! शंभर कुठनं आणू?” मावशी, तो वीस रुपयांचा बल्ब म्हणजे आवळा आहे. आवळा देऊन तो दर महिन्याला कोहळा काढून नेतो.

एके काळी एलईडी खरोखरच महाग होता. सरकारी खरेदीतही जानेवारी २०१४ मध्ये एका दिव्याला ३१० रुपये पडत. मग २०१५ मध्ये ‘उजाला’ योजना सुरू झाली. कोट्यवधी दिवे एकदम घ्यायचे ठरले, तशी किंमत झपाट्याने उतरली. २०१६ पर्यंत सरकारी खरेदीचा भाव ३८ रुपयांवर आला. या योजनेत देशभर ३६ कोटींहून जास्त दिवे वाटले गेले.

तुम्ही म्हणाल, “आमच्या घरात एलईडी कधीच आला.” छान झाले. पण एकदा घरभर फिरून पाहा. माजघरात एलईडी असतो आणि गोठ्यात जुना बल्ब तसाच लोंबत असतो. मोरीत असतो. अंगणातल्या खांबावर असतो. गोठ्यातला दिवा तर रात्रभर जळतो. ६० वॅट, १२ तास, ३० दिवस. झाले २१ युनिटांहून जास्त. पैसे १७२ रुपये. तिथे ९ वॅटचा एलईडी लावला तर २६ रुपये. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय म्हणतात, ते हेच.

‘झिरो’चा दिवा शून्य नाही

रात्री झोपताना आपण ‘झिरोचा बल्ब’ लावतो. झिरो म्हणजे शून्य. मग पुष्कळांना वाटते, हा दिवा वीज खातच नाही. हा मोठा गैरसमज आहे. जुन्या पद्धतीचा झिरोचा बल्ब सुमारे १५ वॅट खातो. म्हणजे ९ वॅटच्या मोठ्या एलईडीपेक्षाही जास्त.

रोज १० तास लावला, तर महिन्याला साडेचार युनिट होतात. ३६ रुपये झाले. त्याच्या जागी अर्ध्या वॅटचा एलईडी रात्रदिवा मिळतो. तो महिन्याला सव्वा रुपयाची वीज खातो. नावात शून्य आहे म्हणून फसू नये. आकडा वाचावा.

पंखा

दिवा रात्री चालतो. पंखा उन्हाळ्यात दिवसाही चालतो आणि रात्रीही. म्हणून पंख्याकडे नीट पाहिले पाहिजे.

छताचा साधा पंखा ७० ते ८० वॅट घेतो. नव्या जातीच्या पंख्याला ‘बीएलडीसी’ पंखा म्हणतात. तो सुमारे ३० वॅट घेतो आणि वारा तेवढाच देतो. हे कसे? साध्या पंख्यात तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. फिरणाऱ्या भागात जोर आणण्यासाठीही वीजच खर्च होते आणि तिच्यातली बरीच वाया जाऊन उष्णता होते. नव्या पंख्याच्या फिरणाऱ्या भागात कायमचे लोहचुंबक बसवलेले असतात. चुंबकाला जोर आणायला वेगळी वीज लागत नाही.

साधा पंखा रात्रभर चालवून सकाळी बंद करा. पाती थांबू द्या. मग मधल्या गोल भागाला हात लावा. तो गरम लागेल. गार वाऱ्यासाठी पैसे भरले आणि त्यातल्या काही पैशांची ऊब झाली. बल्बाचे तेच, पंख्याचे तेच. जिथे नको तिथे ऊब लागली, तिथे पैसा जळतो, असे समजावे.

हिशेब असा. ७५ वॅटचा पंखा रोज १२ तास चालला, तर महिन्याला २७ युनिट. ३० वॅटचा पंखा तितकाच चालला, तर १० युनिट आणि वर थोडे. फरक १६ युनिटांचा. पैसे सुमारे १३० रुपये महिना.

नवा पंखा महाग असतो. समजा, साधा १,५०० रुपयांना आणि नवा २,७०० रुपयांना आहे. वरचे १,२०० रुपये भरून यायला, पंखा रोज १२ तास चालला तर, नऊ-दहा महिने लागतात. पुढची सगळी वर्षे फायद्याची.

पण इथे एक सावधगिरी घ्यायची. पाहुण्यांच्या खोलीतला पंखा रोज दोनच तास चालतो असे समजा. तिथे महिन्याला साडेएकवीस रुपयेच वाचतील. १,२०० रुपये भरून यायला साडेचार वर्षांहून जास्त लागतील. म्हणून तो पंखा आहे तसा राहू द्यावा. जी वस्तू जास्त तास चालते ती आधी बदलावी. हा नियम पक्का ध्यानात ठेवा.

पंख्याचा जुना मोठा रेग्युलेटर असेल, तर तोही पाहा. पंखा हळू केला की हा डबा तापतो. म्हणजे पंख्याची वाचलेली वीज डबा खातो. नवा लहान रेग्युलेटर तसे करत नाही.

फ्रीज आणि चिठ्ठीवरचे तारे

फ्रीज दिवसरात्र जोडलेला असतो. म्हणून त्याची दुसरी किंमत मोठी असते. दुकानात फ्रीजवर एक रंगीत चिठ्ठी दिसते. तिच्यावर तारे असतात. एक तारा म्हणजे जास्त वीज खाणारा. पाच तारे म्हणजे कमी वीज खाणारा. ‘ऊर्जा दक्षता ब्यूरो’ ही केंद्र सरकारची संस्था २००२ मध्ये स्थापन झाली आणि २००६ पासून तिने हे तारे द्यायला सुरुवात केली. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवरही ही चिठ्ठी असणे सक्तीचे झाले आहे.

पण नुसते तारे मोजून थांबू नका. फ्रीजच्या चिठ्ठीवर वर्षाला किती युनिट लागतात, तो आकडाही छापलेला असतो. दोन फ्रीज शेजारी ठेवून तो आकडा वाचा. समजा, एकावर २०० आहे आणि दुसऱ्यावर १३०. फरक ७० युनिटांचा. वर्षाला ५६० रुपये. फ्रीज दहा वर्षे वापरला, तर ५,६०० रुपये. मग पहिला फ्रीज दोन हजारांनी स्वस्त मिळाला, तरी तो खरा स्वस्त आहे का? तुम्हीच सांगा.

चिठ्ठीवर वर्षही असते. ताऱ्यांचे नियम वेळोवेळी कडक होतात. जुन्या सालचे पाच तारे आणि नव्या सालचे पाच तारे सारखे नसतात. त्यामुळे कोणी जुना फ्रीज स्वस्तात देऊ लागला, तर जरा थांबावे. तो किती वीज खाईल, याचा आधी विचार करावा.

घरात फ्रीज असेल तर दोन गोष्टी फुकटात करता येतात. फ्रीज भिंतीला चिकटवू नये, मागे वारा खेळू द्यावा. आणि दाराची रबरी पट्टी तपासावी. कागदाचा कपटा दारात धरून दार लावा आणि कागद ओढा. कागद सहज निघून आला, तर पट्टी सैल झाली आहे. आतला गारवा तिथून निसटतो. पट्टी बदलून घ्यावी.

पाणी तापवण्याचा रॉड

बादलीत घालायचा रॉड बहुधा १,५०० वॅटचा असतो. तो ४० मिनिटे चालला की बरोबर १ युनिट होतो. रोज ४० मिनिटे म्हणजे महिन्याला ३० युनिट. २४० रुपये झाले. एवढासा रॉड, पण रोज १२ तास चालणाऱ्या साध्या पंख्याहून जास्त वीज खातो.

कमी वीज खाणारा रॉड मिळतो का, असे विचारू नका. रॉडचे कामच उष्णता करणे. तो सगळ्या विजेची उष्णताच करतो. कमी वॅटचा रॉड घेतला, तर पाणी तापायला जास्त वेळ लागेल, युनिट तेवढेच होतील. इथे वाचवायचे तर पाणी कमी तापवावे. कढत करून पुन्हा गार पाणी ओतण्यापेक्षा हवे तेवढेच कोमट करावे. ऊन चांगले असते तिथे छपरावर उन्हाने पाणी तापवणारा बंब बसवता येतो. त्याला सुरुवातीला पैसे बरेच लागतात, पण उन्हाचे बिल येत नाही.

आणि एक गोष्ट जिवाची आहे. रॉड चालू असताना पाण्यात बोट बुडवून पाहू नये. आधी बटण बंद करावे, पिन काढावी, मग पाण्याला हात लावावा.

‘बिल निम्मे’ करणारी पेटी

आजकाल बाजारात, जत्रेत, मोबाइलवरही एक लहानशी पेटी विकायला येते. विकणारा सांगतो, “ही नुसती भिंतीवरच्या पिनात खोचा. बिल निम्मं होईल!” पेटीवर हिरवा दिवा लागतो. माणसाला वाटते, काहीतरी चाललेय आत.

बाबांनो, या पेटीला भुलू नका. आपण एवढा वेळ पाहिले की बिल युनिटांवर येते आणि युनिट हे वॅट व तास यांवर ठरतात. पेटी बसवल्याने ६० वॅटचा दिवा ९ वॅटचा होत नाही. पंख्याची भूकही कमी होत नाही. अशा पेटीत बहुधा कपॅसिटर नावाची साधी वस्तू असते. तिचा उपयोग मोठ्या कारखान्यांत होतो, कारण त्यांच्या बिलाची रीत वेगळी असते. घरच्या मीटरवर तिने बिल उतरत नाही. पी हळद अन् हो गोरी, तसलाच हा प्रकार.

मीटरला हात लावून आकडे कमी करून देतो म्हणणारेही भेटतात. ती वीजचोरी आहे. २००३ च्या वीज कायद्यात तिला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. करून देणारा निघून जातो, मीटर मात्र आपल्या नावावर असते.

पैसे कुठून आणायचे?

इथवर वाचून कोणी म्हणेल, “गुरुजी, सांगता ते खरं. पण एवढं सगळं एकदम घ्यायला हातात पैसा पाहिजे ना!”

प्रश्न अगदी बरोबर आहे. ज्याच्या हातात पैसा कमी, तो स्वस्त वस्तू घेतो. स्वस्त वस्तू जास्त वीज खाते. मग बिल जास्त येते आणि हातात पैसा आणखी कमी राहतो. गरिबाला असे दोनदा मोजावे लागते. बिल थकले की त्यावर दंड चढतो. फारच थकले तर वीज तोडतात. मुलांचा अभ्यास अंधारात राहतो. या फेऱ्यातून बाहेर यायचे तर एकदम उडी मारायची गरज नाही. पायरी पायरीने चढावे.

एक घर घेऊ. त्यात ६० वॅटचे तीन जुने बल्ब रोज ५ तास लागतात. झिरोचा एक बल्ब रात्री १० तास असतो. दोन साधे पंखे आहेत.

पहिली पायरी. तीन एलईडी आणि एक रात्रदिवा घ्यायचा. खर्च समजा ३५० रुपये. तोही एकदम नको असेल, तर दर आठवड्याच्या बाजाराला एक दिवा आणावा. सगळे बदलले की महिन्याला २७ युनिट वाचतात. म्हणजे सुमारे २१८ रुपये. दोन महिन्यांच्या आत ३५० रुपये परत आले.

दुसरी पायरी. वाचलेले २१८ रुपये इकडेतिकडे जाऊ द्यायचे नाहीत. ते वेगळ्या डब्यात टाकायचे, किंवा बचत गटात भरायचे. दिव्यांचे ३५० रुपये वजा करूनही चौदा महिन्यांत २,७०० रुपये जमतात. त्यात एक नवा पंखा येतो. घरच्या कमाईतला एक पैसाही वेगळा काढावा लागला नाही.

तिसरी पायरी. आता दिव्यांचे २१८ आणि उन्हाळ्यात पंख्याचे १३०, असे दोन्ही डब्यात पडू लागतात. दुसऱ्या पंख्याला पहिल्याइतका वेळ लागत नाही.

दोन्ही पंखे वर्षाला आठ महिने चालतात असे धरले, तर सगळे बदलल्यावर या घराचे वर्षाला साडेचार हजारांहून जास्त रुपये वाचतात. एवढ्यात मुलांची वह्या-पुस्तके येतील. पेरणीच्या वेळी बियाण्याला हातभार लागेल. सावकाराच्या दारची एखादी खेप टळेल. थेंबे थेंबे तळे साचे, हे आपण ऐकतच आलो. इथे नवे तळे खणायचे नाही. गळकी जागा शोधून तेवढी बुजवायची आहे.

एवढे करून पाहा

१. घरातल्या प्रत्येक दिव्यावरचा आणि पंख्यावरचा वॅटचा आकडा वहीत लिहा. वस्तू रोज किती तास चालते, तेही पुढे लिहा.

२. वॅट गुणिले तास, गुणिले ३०, भागिले १,०००. प्रत्येक वस्तूचे महिन्याचे युनिट काढा. जिचा आकडा सर्वांत मोठा, तिच्याकडे आधी पाहा.

३. महिन्याच्या १ तारखेला मीटरचा आकडा वहीत लिहा. पुढच्या १ तारखेला पुन्हा लिहा आणि वजाबाकी करा.

४. घरातली सर्व बटणे बंद करा, फ्रीजची पिनही काढा आणि मीटरपाशी जा. मीटरवरचा लहान लाल दिवा वीज वापरताना लुकलुकतो. सर्व बंद असूनही तो लुकलुकत राहिला, तर कुठेतरी वीज गळते आहे. जाणत्या वायरमनला बोलवा. स्वतः वायर उघडू नका.

५. नवी वस्तू घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला दोन किमती विचारा. “केवढ्याला?” हा पहिला प्रश्न. “वॅट किती?” हा दुसरा. खोके हातात घेऊन आकडा स्वतः वाचा. नाव-गाव नसलेली, ताऱ्यांची चिठ्ठी नसलेली वस्तू घेऊ नका. पावती मागून घ्या आणि जपून ठेवा. दिवा मुदतीत बिघडला, तर पावतीवर तो बदलून मिळतो.

पूर्वी बिल आले की ते वाचायला दुसऱ्याच्या दारी जावे लागे. तो सांगेल तो आकडा खरा मानावा लागे. आता बिल तुमच्या हातात आहे आणि अक्षरे तुमच्या ओळखीची आहेत. पुढचे बिल आले की आधी वाचा, मग भरा.